गालातली जखम दुखत नाही, म्हणून तर बायोप्सी करा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत सांगतो. गाव चोपडा तालुक्यातलं, घरी केळी आणि कपाशी, आप्पांचं वय ५८, डाव्या गालात आतून अडीच महिन्यांपासून जखम आहे, दुखत बिखत नाही, पण तोंड पहिल्यासारखं उघडत नाही न भाकरी चुरून खावी लागते. दातांच्या डॉक्टरनी बायोप्सी, म्हणजे जखमेचा बारीक तुकडा काढून तपासणी, सांगितली आणि तेव्हापासून घरात दोन पार्ट्या पडल्यात. मोठे काका म्हणतात सुई लागली की कॅन्सर पसरतो, त्यापेक्षा सातपुड्यातून एकाचं झाडपाल्याचं औषध आणू. तुम्ही म्हणता, तपासून टाकू. शिवाय आजी गर्भपिशवीच्या कॅन्सरने गेली म्हणून हा आपल्या घराण्यातच आहे का, का केळी पिकवायच्या कार्बाइडने होतो, का फवारणीने, ट्रीटमेंटमध्ये नेमकं काय काय करतात न पैसे किती लागतात, असं सगळं एका दमात विचारलंय. मी पण एका दमातच सांगतो, जरा लांबेल.

मी जळगावात २२ वर्षं तोंडाच्या न घशाच्या कॅन्सरचीच ऑपरेशनं करतोय. आप्पांना कॅन्सर आहे की नाही हे न बघता मी काय, कोणीच सांगू शकत नाही. पण बायोप्सी करायची की नाही याचं उत्तर न बघताही देता येतं: करा, आणि याच आठवड्यात करा. वेचणी, लग्न, पाहुणे, काहीच मध्ये आणू नका.

आमच्या ओपीडीत एक वाक्य रोज ऐकू येतं. "डाक्टर, दुखस तर नही, मंग कसाना कॅन्सर?" अहो, दुखत नाही हीच तर पंचाईत आहे. उष्णतेने तोंड येतं तेव्हा चहाचा घोट जात नाही इतकं झोंबतं, आणि आठ-दहा दिवसांत आपोआप बरं होतं. तोंडाच्या आतलं अस्तर दोनेक आठवड्यांत नवं होत राहतं, शरीरात फार कमी ठिकाणी इतकं भराभर काम चालतं, म्हणून तोंडातली साधी जखम टिकतच नाही. जी तीन आठवडे झाले तरी भरत नाही तिच्या मागे काहीतरी कारण असणारच. कधी ते साधं निघतं, एखादा दात तुटून टोकदार झालेला असतो न रोज तिथंच घासतो, तो गुळगुळीत केला किंवा काढला की दोन आठवड्यांत जखम भरते न विषय संपतो. नाही भरली तर तुकडा तपासायचा. आप्पांचे अडीच महिने झालेत, म्हणजे वाट बघायची मुदत कधीच संपली. कॅन्सर दुखायला लागतो तो एखाद्या नसेपर्यंत नाहीतर जबड्याच्या हाडापर्यंत पोचल्यावर, मग कान ठणकतो. कानात थेंब टाकत महिनाभर बसलेले आणि खरा रोग जिभेच्या मागे असलेले पेशंट मी आता मोजायचे सोडून दिलेत.

आता सुईची भीती. बायोप्सी म्हणजे ऑपरेशन थिएटर, बेशुद्धी असलं काही नसतं. खुर्चीत बसवायचं, दात काढताना देतात तसलंच भुलीचं इंजेक्शन, जखमेच्या कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा, तो फॉर्मेलिनच्या छोट्या बाटलीत टाकायचा आणि जागेवर गॉजचा बोळा पंधरा मिनिटं दाबून धरायचा. कडेचाच का, तर मधला भाग बऱ्याचदा सडलेला असतो, त्यातून रिपोर्ट नीट येत नाही. याने कॅन्सर पसरत नाही. मग लोक असं का म्हणतात? कारण गावात ज्या चार जणांची उदाहरणं देतात ते चारही जण तोंडातून रक्त यायला लागल्यावर आलेले असतात, तुकडा काढला, रिपोर्ट आला, न चार महिन्यांत गेले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. फांदी आधीच आतून पोखरलेली होती.

काकांच्या बोलण्यात खरेपणाचा एक दाणा मात्र आहे, तोही सांगतो. मानेत गाठ आली आणि कोणी म्हणालं चला कापून काढून टाकू, तर थांबा. आधी तोंड, जीभ, घसा नीट बघायचं, मग गाठीत बारीक सुई घालून पेशी तपासायच्या, कापाकापी त्यानंतर. मान आधीच उघडून ठेवली की नंतरचं मोठं ऑपरेशन आमच्यासाठी अवघड होऊन बसतं. बाईच्या छातीतल्या गाठीचंही तेच, आधी सुईने तपासणी, मग काय ते ठरवा. म्हणजे सुई वाईट नाही, विचार न करता चालवलेला चाकू वाईट.

आणि जे कापलं ते लॅबला गेलंच पाहिजे. एकदा एक माणूस माझ्याकडे आला, दुसरीकडच्या एका दवाखान्यात त्याच्या गालातली गाठ चरबीची आहे म्हणून काढली होती आणि ती तपासायला पाठवायच्या ऐवजी भावाच्या हातात दिली. भावाने ती औषधाच्या रिकाम्या बाटलीत साधं पाणी घालून घरात फ्रीजवर ठेवली, आज नेऊ उद्या नेऊ करत सात महिने गेले. गाठ परत आली तेव्हा दोघं भाऊ न ती बाटली, तिघं मिळून माझ्याकडे. लॅबच्या पोराने झाकण उघडलं आणि काही न बोलता परत लावलं. सात महिन्यांपूर्वी जे छोट्या ऑपरेशनात भागलं असतं त्यासाठी अर्धा जबडा काढावा लागला.

आता कॅन्सर होतो म्हणजे काय होतं. बाहेरून आलेला किडा नाही तो, आपलीच पेशी आहे. तुम्ही केळीवाले, तुम्हाला लगेच कळेल. टिश्यू कल्चरची पाच हजार रोपं लावली, सगळी एकाच झाडाच्या कॉप्या, तरी एखादं झाड वेगळंच निघतं, पान निराळं, घड वेडावाकडा. कॉपी करताना कुठंतरी चूक झाली. आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशींच्या कॉप्या निघतात, चुका होणारच, बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते, नाही जमलं तर मरून जाते, तीही नाही मेली तर शरीराची प्रतिकारशक्ती तिला उपटून टाकते, तुम्ही ते वेगळं झाड उपटता तशी.

बिघाड नेमका कुठं होतो ते विहिरीवरच्या मोटारीवरून सांगतो. पेशीत वाढ चालू करणारे जीन्स (जनुकं) असतात न वाढ थांबवणारे जीन्स असतात. स्टार्टर चिकटला तर मोटार बंदच होत नाही, पण रिले चांगला असेल तर तो ट्रिप होतो न मोटार वाचते. कॅन्सर व्हायला स्टार्टरही चिकटावा लागतो आणि रिलेही जळावा लागतो, असे चार-पाच बिघाड एकाच पेशीत जमावे लागतात. पी-५३ नावाचा जीन म्हणजे असला रिलेच, माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये तो बिघडलेला सापडतो. एक बिघाड झाला की दुसरा व्हायला वर्षं जातात, म्हणून हा रोग जास्त करून उतारवयात दिसतो. आणि "अमक्याचे बाबा पंचाऐंशीचे होईस्तोवर तंबाखू खात होते, त्यांना काय झालं?" याचं उत्तरही तेच. त्यांच्या एका पेशीत सगळे बिघाड एकत्र जमले नाहीत, नशीब त्यांचं. रस्ता डोळे मिटून ओलांडणारे सगळेच गाडीखाली येत नाहीत.

बिघडलेली पेशी आपल्या वावरात आहे तोवर तिला आम्ही पूर्वावस्था म्हणतो, पांढरा किंवा लाल चट्टा. तिने बांध ओलांडून खालच्या थरात मुळं घातली की तो कॅन्सर. मग रसवाहिन्यांतून मानेच्या गाठींत, पुढे रक्तातून फुप्फुसात. आमची सगळी ट्रीटमेंट ती बांधाच्या किती पलीकडे गेलीये यावर ठरते.

कारणांवर येऊ. आप्पांचा प्रश्न तुम्ही मोठा लिहिला पण तंबाखूचा उल्लेख फक्त "थोडी खातात" एवढाच केला. थोडी म्हणजे किती हे मला माहीत आहे, सगळ्यांचीच थोडी असते. तळहातावर तंबाखू, नखाने चुना, अंगठ्याने मळायचं, दोन टाळ्या, चिमूट गालफडात, दिवसातून पंधरा वेळा, तीस वर्षं, एकाच जागी. चुना कशाला लागतो, तर त्याने तंबाखूतलं निकोटीन मोकळं होऊन चटकन रक्तात जातं, म्हणजे किक बसते, आणि त्याच चुन्याने तिथली त्वचा सोलवटते. तंबाखूतली नायट्रोसअमाइन नावाची विषारी रसायनं त्या सोलवटलेल्या जागेवर तासन्‌तास बसून राहतात. मी पेशंटला नाव विचारायच्या आधी विचारतो, पुडी कुठं ठेवता? त्यांचं बोट जिथं जातं तिथंच टॉर्च मारतो. दहातल्या आठ-नऊ वेळा जखम तिथंच असते. डावखुऱ्या माणसाची बाजू पण बऱ्याचदा उलटी निघते, हे आपलं माझं निरीक्षण, पुस्तकात नाही.

तोंड कमी उघडणं हे मात्र मुख्यतः सुपारीचं काम. सुपारीतल्या द्रव्यामुळे गालाच्या आत पांढऱ्या दोऱ्या तयार होतात, कातडं ताठ होतं, आधी तिखटाने आग होते, मग तोंड आखडत जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ साली सुपारीला, तंबाखू नसलेल्या सुपारीलाही, पक्क्या कॅन्सरकारक पदार्थांच्या गटात टाकलंय, तरी आपल्याकडे "साधी सुपारी हो, तंबाखू नही" असं अभिमानाने सांगतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, टपरीवर मग सुपारीची पुडी वेगळी न तंबाखूची पुडी वेगळी मिळते, लोक दोन्ही फाडून तोंडातच गुटखा तयार करतात. बायकांचं निराळं. नवरा छातीठोक सांगतो आमच्या घरात बायामाणसं तंबाखूला हात लावत नाहीत, आणि ती मागे उभी राहून पदर तोंडावर धरते, हिरडीवर मिश्रीचा काळा थर. दारू सोबत असेल तर धोका बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो.

कार्बाइड. त्याने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, त्यात आर्सेनिकचा अंश असू शकतो, ते हाताळणाऱ्याला वाईटच, न रावेर-सावद्याकडे आता इथिलीनच्या चेंबरमध्ये केळी पिकवतात ते बरंच आहे. पण गालातल्या जखमेचं खापर केळीवर फोडायचं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. फवारणीचं थोडं वेगळं आहे. काही कीटकनाशकं-तणनाशकं संशयाच्या यादीत आहेत, ग्लायफोसेट या तणनाशकाला २०१५ मध्ये "बहुधा कॅन्सरकारक" म्हटलं गेलं, त्याचा संबंध जास्त करून रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरशी जोडतात. तोंडाच्या कॅन्सरचं ते मुख्य कारण नाही, पण नोझल तुंबला की तोंडाने फुंकणं, आणि औषध कालवलेल्या त्याच हाताने तंबाखू मळणं, हे दोन प्रकार मी आपल्याकडच्या बांधांवर डोळ्यांनी बघितलेत, ते तरी बंद करा. मोठा मास्क, हातमोजे, वाऱ्याच्या दिशेने फवारणी, हे तुम्हाला माहीत आहे, करत नाही एवढंच.

आजीचं. सगळ्या कॅन्सरपैकी ५ ते १० टक्केच आईबापाकडून आलेल्या बिघडलेल्या जीनमुळे होतात, स्तन, बीजकोश, मोठं आतडं यात ते जास्त दिसतं. आजीचा गर्भपिशवीच्या तोंडाचा असेल (आपल्याकडे बायकांमध्ये तोच जास्त दिसायचा, रिपोर्ट असेल तर बघा) तर त्याचं कारण एचपीव्ही नावाचा विषाणू. हे शोधल्याबद्दल जर्मनीचे हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. म्हणजे आजीचा रोग न आप्पांची जखम यांचा रक्ताचा संबंध नाही. उलट यात एक चांगली गोष्ट आहे: त्या विषाणूची लस आहे, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ च्या जानेवारीत आली, ९ ते १४ वर्षांच्या पोरींना देतात, तुमच्या बहिणीच्या मुली त्या वयाच्या असतील तर विचारा. आणि तीस वर्षांपुढच्या बायकांची तपासणी तर इतकी सोपी आहे की हसू येतं. पातळ ॲसिटिक ॲसिड म्हणजे व्हिनेगरसारखंच, ते पिशवीच्या तोंडाला लावायचं, मिनिटभराने बिघडलेली जागा पांढरी पडते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी दीड लाख बायकांवर हे करून बघितलं, तपासणी केली डॉक्टरांनी नाही, दहावी-बारावी शिकलेल्या आरोग्यसेविकांनी, आणि त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हे २०१३ सालीच जाहीर झालंय, आणि अजून आपल्या बाया "अंगावरून पांढरं जातं" हे लाजून वर्ष-वर्ष सांगत नाहीत.

आणि हो, कॅन्सर लागट नाही. आप्पांचं ताट-तांब्या वेगळा केला असेल तर आजच एकत्र करा.

आता ट्रीटमेंट. आधी हे लक्षात घ्या की कॅन्सर म्हणजे एक रोग नाही, शेकडो आहेत. रक्ताच्या एका प्रकारात, सीएमएल म्हणतात, इमॅटिनिब नावाची गोळी २००१ मध्ये आली आणि वर्षं मोजणारे लोक रोज एक गोळी खाऊन शेती करायला लागले. ती आपल्याला परवडते कारण २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने परदेशी कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला. म्हणून कोणी म्हणालं की माझ्या मेव्हण्याचा कॅन्सर गोळीने गेला तर तो खोटं बोलत नाही, पण त्याचा रोग वेगळा. तोंडाच्या कॅन्सरला आजही पहिलं औषध चाकूच आहे.

बायोप्सीत कॅन्सर आला तर सीटी किंवा एमआरआय होईल, छाती बघतील, आणि स्टेज ठरेल. जखम किती सेंटीमीटर, किती मिलिमीटर खोल, हाडाला लागली का, मानेत गाठी आहेत का. मानेत एक जरी गाठ पक्की निघाली तरी बरं होण्याची शक्यता जवळपास निम्मी होते, इतकं ते महत्त्वाचं. लवकरच्या स्टेजला दहातले सात-आठ जण पाच वर्षांनंतरही चांगले असतात, उशिराच्या स्टेजला अर्धेही नाही, आणि आपल्याकडचे बहुतेक उशिराच येतात. ऑपरेशनमध्ये जखम काढताना चहूबाजूंनी निरोगी भागाचा काठ घेऊन काढतात, सोबत मानेच्या गाठी. इथं नातेवाईक हमखास भांडतात, मानेत काही दिसत नाही तर मान का कापता? याचं उत्तर टाटानेच दिलंय. २०१५ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात, सुरुवातीच्या स्टेजलाच मान साफ केलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, आणि गाठ आल्यावर बघू म्हणून थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. जगभर आता हेच करतात.

गालात खड्डा मोठा पडला तर छातीचं मांस फिरवून, नाहीतर हातापायाचं आणून तिथं बसवतात. छातीवर केस असले तर ते गालाच्या आत उगवतात, हे आधी सांगून ठेवलेलं बरं. माझे एक पेशंट आजोबा ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी घाबरत आले, "डाक्टर, मन्हा तोंडमा दाढी उगनी!" आठ-दहा दिवस नाकातून नळी राहते, त्यातून दर दोन तासांनी ग्लासभर पातळ जेवण द्यायचं, दूध, डाळीचं गाळलेलं पाणी, अंडं फेटून, दादर ज्वारीची पातळ पेज, नंतर थोडं साधं पाणी म्हणजे नळी तुंबत नाही. नर्सकडून एकदा स्वतःच्या हाताने करून बघा, घरी तुम्हालाच करायचंय.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाचा मोठा रिपोर्ट आला की ठरतं पुढे रेडिएशन लागणार का, ज्याला आपल्याकडे शेक म्हणतात. शेक बिक काही नसतो, गरमही लागत नाही, प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर बसवून काही मिनिटं झोपायचं असतं. आठवड्यातून ५ दिवस, सहा आठवडे, मिळून ३० वेळा. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं. त्याआधी किडके दात काढून घ्या, कारण रेडिएशन झालेल्या जबड्यातून नंतर दात काढला तर हाड सडू शकतं. रिपोर्ट जास्त वाईट असेल तर सोबत सिस्प्लॅटिन नावाची केमो, म्हणजे शिरेतून द्यायचं कॅन्सरचं औषध.

सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो, माझी खरी तक्रार स्टेजपेक्षा या अर्धवटपणाबद्दल आहे. पहिले दोन आठवडे काही वाटत नाही, तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलतं, थुंकी गिळवत नाही, आणि माणूस म्हणतो जाऊ द्या, गाठ तर गेलीये. एकाचे १७ शेक झाले होते, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया आली, लेकी माहेरी येणार, दोन दिवसांत येतो सांगून गेला, बारा दिवसांनी आला. तोंडाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनचा एक दिवस हुकला की रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते, उरलेल्या पेशी त्या सुट्टीत जोमाने वाढतात. बारा दिवसांचा हिशोब तुम्हीच करा. पहिल्यांदा जी ट्रीटमेंट होते तीच खरी, दुसऱ्यांदा करायची वेळ आली की आमच्या हातात निम्मी हत्यारंही उरत नाहीत. रोग परत आलाच तर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध, आहे, किंमत लाखात, टाटाने तिचा दहावा हिस्साही नाही इतका कमी डोस, २० मिलिग्रॅम, गोळ्यांसोबत देऊन फायदा होतो हे दाखवलंय. पण ती आयुष्य वाढवायची गोष्ट, पहिल्या संधीची बरोबरी नाही.

झाडपाल्याच्या औषधाबद्दल काकांशी भांडू नका. हळद खा, गुळवेल घ्यायची तर आम्हाला सांगून घ्या, केमो चालू असताना लिव्हरवर ताण येऊ शकतो. फक्त दोन गोष्टी करू देऊ नका: त्यासाठी एकही तारीख पुढे ढकलायची नाही, आणि जखमेवर न मानेवर काही लावायचं नाही. मानेच्या गाठीवर बिब्बा लावून कातडं भाजून आलेला पेशंट मला तीन आठवडे नुसता बरा करत ठेवावा लागला, मग ऑपरेशन.

पैसे. आधी महात्मा फुले जनआरोग्य योजना न आयुष्मान भारत बघा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, ऑपरेशन, रेडिएशन, केमो तिन्ही त्यात बसतात. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचा टेबल असतो, रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आधी त्याच्याकडे जा, भरती नंतर व्हा. बायोप्सीच्या कागदाशिवाय मंजुरी मिळत नाही, हे काकांना सांगितलं तर कदाचित लवकर पटेल. सगळ्यांनी मुंबई गाठायलाच पाहिजे असं नाही, जळगाव, धुळे, नाशिककडेही आता बरंच होतं, आणि तीस वेळा जायचंय तर घराजवळचं बरं. तरी मुंबईला दुसरं मत घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, आठवडाभरात घ्या. ट्रीटमेंटसाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर न थर्ड एसीचं पूर्ण भाडं माफ असतं, सोबतच्याला ७५ टक्के सूट, हॉस्पिटलचा दाखला लागतो. रात्री भुसावळ स्टेशनावर मुंबईच्या गाडीला बघा, प्लास्टिकच्या पिशवीत एक्सरेची मोठी पाकिटं घेतलेली किती माणसं असतात, आणि त्यातल्या निम्म्यांना हे तिकीट माहीत नसतं.

बायोप्सीला येताना आप्पांना उपाशी आणू नका, जेवून या. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू ठेवा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी फोनवरच सांगा. पुडी घरी ठेवा म्हटलं तर ठेवणार नाहीत, खिशात असू द्या, मी रागावणार नाही, ती कुठं ठेवतात ते मला त्यांच्याच बोटाने दाखवायचंय. सोडायची म्हटली तर १८००-११-२३५६ हा सरकारचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात, आणि कॅन्सर निघाला तरी सोडायचा फायदा होतोच, कारण ज्या तोंडाने तीस वर्षं तंबाखू झेलली त्यात दुसऱ्या जागीही तो उगवू शकतो. आणि भाऊ, तुमच्या प्रश्नात तुम्ही स्वतःबद्दल काहीच लिहिलं नाहीये. आज रात्री आरशासमोर उभे राहा, तोंड पूर्ण उघडा, आणि तीन बोटं उभी आत जातात का बघा. दोनच गेली तर आप्पांसोबत तुमचाही केस पेपर काढा.